बाईंची खुर्ची आणि गेटवाला

मी एक जुनी खुर्ची आहे. सागवानी, उंच पाठीची आणि एका हाताची. माझा दुसरा हात शाळेच्या एका तापट हेडमास्तरांनी मूठ आपटून तोडला. मित्रांनो, तोवर मी कचेरीत मिरवत होते. हात गेला आणि माझी रवानगी अडगळीत झाली.

तिथून मला नाटकाच्या बाईंनी उचललं. घडून गेलेल्या गोष्टींवरून नाटक कसं लिहायचं, हे त्या मुलांना शिकवत. त्यांचा एक दंडक होता. ज्याच्याविषयी लिहायचं, तो माणूस होऊन आधी माझ्यावर बसायचं. बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे: काय खाल्लंस, कुणाला घाबरतोस, त्या दिवशी कुठे होतास? उत्तर आलं नाही तर उठायचं, वाचनालय गाठायचं, म्हाताऱ्या माणसांना गाठायचं. तोवर कागदाला पेन लावायचं नाही. माझ्यावर राजे बसले, राजांचे आचारी बसले आणि खरं सांगते, आचाऱ्यांनाच उत्तरं जड गेली. या वर्गात शहाणी एकच, ती म्हणजे खुर्ची, असं बाई म्हणायच्या. मी फुशारून जायचे.

त्या वर्षी गावातल्या सूतगिरणीच्या आगीवर नाटक होतं. फार जुनी गोष्ट. आग लागली तेव्हा गिरणीच्या गेटला कुलूप होतं आणि कितीतरी माणसं आतच राहिली. गेटवाला दारू पिऊन झोपला होता, असं सगळं गाव सांगायचं. माझ्यावर मालक बसला, मॅनेजर बसला, सूत कातणारी बाई बसली. गेटवाल्यापर्यंत येईतो प्रयोग तोंडावर आला होता.

"त्याला काय विचारायचं?" बाई म्हणाल्या. "तो झोपला होता, सगळ्यांना माहीत आहे. सरळ लिहून टाका."

लिहिलं ते बडबडीने. वर्गात तिचं तोंड कधी मिटायचं नाही, म्हणून हे नाव पडलेलं. तिने गेटवाला असा रंगवला की तालमीत पोरं पोट धरून हसायची. तो झोकांड्या खात यायचा, माझ्यावर कोसळायचा, किल्लीने कान कोरायचा आणि घोरायला लागायचा. सगळ्यात मोठ्याने हसायची ती बडबडीच.

शेवटच्या तालमीला तिचे आजोबा तिला न्यायला आले. शिवणकाम करणारा माणूस, गळ्यात मापाची टेप तशीच राहिलेली. दारात उभं राहून त्यांनी तो प्रवेश पाहिला. मग आत येऊन बाईंना विचारलं, जरा बसू का? बाईंना वाटलं, दमले असतील. आजोबा माझ्यावर टेकले. वर्गाला सवयच जडलेली. एकाने विचारलं, "तुम्ही कोण?"

"गेटवाला," आजोबा म्हणाले.

पोरांना मजा वाटली. "झोपला होतात ना?"

"ते माहीत नाही. गेटवाल्याचा मुलगा तेव्हा लहान होता. बापाने घरी कधी अवाक्षर काढलं नाही. फक्त पुढे मरेपर्यंत घराच्या दाराला कडी लावू दिली नाही. थंडीत पोरं कुडकुडायची, तरी नाही."

हसणं थांबलं. ते तुमचे कोण, असं बाईंनी हळूच विचारलं. आजोबांनी बडबडीकडे पाहिलं. ती बुटाची नाडी बांधायला खाली वाकली. नाडी बांधलेलीच होती.

"ओळखीचे होते," ते म्हणाले आणि उठले.

मित्रांनो, मी लाकडाची, पण उरलेल्या एका हाताने तोंड झाकून घ्यावं असं मला झालं. बाईंचीही मान वर होईना. दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गासमोर कबूल केलं की एका माणसाला खुर्ची द्यायची आपल्याकडून राहून गेली, आता प्रवेश पुन्हा लिहायचा. गेटवाला म्हणून कोण बसतंय? शेवटी बडबडी आली. माझ्या अगदी कडेला टेकली.

"मी त्या गेटवाल्याची पणती आहे," ती म्हणाली. "हे बाहेर सांगायचं नाही, असं आमच्या घरात आहे. कुणाला संशय येऊ नये म्हणून मी मुद्दाम जास्त विनोदी लिहिलं."

"मग काल गप्प का राहिलीस?" मागून कुणीतरी विचारलं.

"लाज वाटली. त्यांची." मग तिला रडू आवरेना. "आजोबा घरी जाताना एक शब्द बोलले नाहीत. माझं दप्तर मात्र त्यांनीच घेतलं."

नव्या प्रवेशात गेटवाला पीत नव्हता, घोरत नव्हता. तो माझ्यावर नुसता बसून राही. सगळे विचारत आणि त्याला उत्तर सापडत नसे. प्रयोगाला कुणी हसलं नाही. पुढच्या रांगेत आजोबांसाठी धरलेली जागा रिकामीच राहिली. डोळे दुखतात, असं सांगून ते घरी थांबले होते. वर्गात कबूल केलेलं घरी सांगायला बडबडीची जीभ रेटली नव्हती, हे तिने पडद्यामागे बाईंना सांगितलं. आपण दिसलो तर नातीला चारचौघांत खाली बघावं लागेल, असंच आजोबांना अजून वाटत होतं. पडदा पडला तशी ती टाळ्यांना न थांबता घराकडे पळत सुटली.

आता बाई निवृत्त झाल्या आणि मी पुन्हा अडगळीत आले. मला दुसरा हात बसवा, असा हट्ट मी धरणार नाही. मित्रांनो, माझं एवढंच ऐका. गेलेल्या माणसाला हसण्याआधी त्याला बसायला खुर्ची द्या. आणि तो तुमच्याच घरातला असला, तर 'हा आमचा' हे तुम्ही म्हणा. 'ओळखीचे होते' असं म्हणायची पाळी कुठल्या आजोबांवर आणू नका.