भाजीबाजारातली हँडबॅगवाली

सिरिल हॉबडे टीव्हीवर किती वेळा मेला, हे त्याच्या बायकोला सांगता आलं नसतं. तिने ते बघितलंच नव्हतं.

सत्तरच्या दशकात ‘वॉपिंग स्क्वॉड’ नावाची मालिका लागायची. दर सोमवारी लोक जेवणं उरकून तिच्यासाठी टीव्हीपुढे बसत. चामडी कोटातला इन्स्पेक्टर ड्रेकॉट गाडी अशी हाकायचा की रस्त्यावरचे खोके, कोंबड्या, पाव विकणारे सगळे उडून बाजूला होत, आणि शेवटी तो कुणाला तरी भिंतीशी दाबून चोपून काढायचा. तो कुणीतरी बहुतेक वेळा सिरिल असायचा. दर वेळी मिशी वेगळी, केसांचा टोप वेगळा, पण काम एकच. मार खायचा, उंचावरून पडायचं आणि मरायचं.

पहिला भाग लागला तेव्हा त्याची बायको थेल्मा पोटुशी होती. पडद्यावर नवरा गोदामाच्या छपरावरून कोसळला आणि ती ताडकन उठून स्वयंपाकघरात गेली. खरा नवरा सोफ्यावर तिच्याच शेजारी बसून चहात बिस्किट बुडवत होता, तरीही. तेव्हापासून ती मालिका लागली की ती भांडी घासायला घ्यायची. स्वच्छ असली तर पुन्हा घासायची.

या गोष्टीला आता जवळजवळ पन्नास वर्षं झाली. दोघं कॅटफर्डला तळमजल्यावरच्या लहानशा घरात राहत होती. सिरिलच्या खुब्याचा सांधा बदलला होता आणि चालताना त्याला थेल्माचा हात लागायचा. अशात एक दिवस नायजेल नावाच्या माणसाचा फोन आला. तो बस चालवायचा आणि उरलेला सगळा वेळ ‘वॉपिंग स्क्वॉड’च्या चाहत्यांची मंडळी सांभाळायचा. जुन्या फिती साफसूफ करून आणल्यात, शनिवारी दुपारी डेप्टफर्डच्या जुन्या थिएटरात दाखवणार आहोत, इन्स्पेक्टर झालेले लिओनार्ड वॉस्पर येताहेत, तुम्हीही या, असं तो म्हणाला.

फोन ठेवल्यावर सिरिल खूश दिसला, पण पुढच्याच क्षणी विचारात पडला.

“मी टॅक्सीने जाऊन येतो,” तो म्हणाला. “तू कशाला? कंटाळशील उगाच.”

“आणि थिएटरच्या पायऱ्या कोण चढवणार तुला? इन्स्पेक्टर?”

“असेल की तिथे कुणीतरी.”

“सिरिल, कुणी बाई आहे का तिथे?”

“या वयात?” तो म्हणाला. “थेल, मला मोजे घालायला अर्धा तास लागतो.”

थेल्माला कुठेतरी पाणी मुरतंय असं वाटलं, पण काय ते कळेना. “मी आत येत नाही,” ती शेवटी म्हणाली. “बाहेर चहा पीत बसेन. तू आत खुशाल मर.” त्यावर सिरिलच्या चेहऱ्यावर सुटकेचा असा भाव उमटला की तिचा संशय दुप्पट झाला.

शनिवारी सत्तेचाळीस नंबरच्या बसने दोघं गेली. थिएटरबाहेर ही गर्दी. पोटं सुटलेले, टक्कल पडलेले बाप्ये चामडी कोट घालून उन्हात घामाघूम झाले होते. पण थेल्माला नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. त्यांतल्या बऱ्याच जणांच्या हातात बायकांच्या हँडबॅगा होत्या. बायकोने सांभाळायला दिली असेल, असं एखाद्याबद्दल म्हणता येईल. इतक्या जणांबद्दल कसं म्हणणार?

“हे काय रे?” तिने विचारलं.

“फॅशन असेल,” सिरिल म्हणाला आणि खुब्याच्या मानाने फार भराभर आत गेला.

थेल्मा बाहेरच्या दालनात चहाची किटली घेऊन बसली. दारं जाड होती, तरी आतला आवाज झिरपत होता. गाड्यांची किंचाळी, बंदुका, मग सिरिलची ओळखीची आरोळी. पडला वाटतं, ती मनात म्हणाली आणि तिने कप घट्ट धरला. तेवढ्यात सगळं थिएटर खदखदून हसलं. टाळ्या, शिट्ट्या. थोड्या वेळाने पुन्हा आरोळी आणि पुन्हा तेच.

थेल्माचं डोकं फिरलं. तिचा माणूस तिथे मरतोय आणि हे लोक हसताहेत. ज्या मोडक्या खुब्यावर तो आज लंगडतोय तो यांच्याच करमणुकीपायी झिजला होता. तिने कप ठेवला, पर्स खांद्याला अडकवली आणि दार ढकलून आत गेली. चार शब्द सुनवायचे असं ठरवूनच.

पण पडद्यावर सिरिल धावत होता.

ती आहे तिथेच उभी राहिली. तिशीतला सिरिल, लांब केस, खोटी मिशी, बेकरीच्या छपरांवरून हरणासारखा उड्या मारत जात होता. असे पाय होते याचे? घरातला सिरिल तिला रोज दिसायचा, आणि रोज दिसणारा माणूस कधी म्हातारा झाला ते कळत नाही. हा सिरिल मात्र ती पार विसरूनच गेली होती. त्याला गोळी लागली. तो छातीवर हात ठेवून गोल फिरला, आकाशाकडे बघत एका गुडघ्यावर आला, पुन्हा उठला, पुन्हा फिरला आणि मग अगदी नाइलाज झाल्यासारखा कोसळला. लोक पुन्हा हसले, आणि आता थेल्माला कळलं की ते कौतुकाने हसताहेत. लग्नात आवडता काका नाचायला लागला की हसतात तसे. तिलाही हसू फुटलं.

मग पडद्यावर भाजीबाजार आला आणि तिचं हसू विरलं. कोबीने भरलेली हातगाडी. निळं कापड लावलेला ठेला. तिला तो बाजार ठाऊक होता. शहात्तरच्या उन्हाळ्यात सिरिल डबा घरी विसरला म्हणून ती सॉसेजचे सँडविच घेऊन चित्रीकरणाच्या जागी गेली होती. मागच्या गल्लीतून शिरल्यामुळे तिला कॅमेरा दिसलाच नाही. दिसलं ते एवढंच, की एक चामडी कोटवाला तिच्या नवऱ्याची मान धरून त्याला कोबीत कोंबतोय. त्यानंतर तिने जे केलं ते आठवलं की अजून तिचे कान तापायचे.

समोर तेच घडत होतं. पडद्याच्या कडेने फुलाफुलांच्या झग्यातली एक तरुण बाई वाऱ्यासारखी घुसली, हँडबॅग गरागरा फिरवून तिने इन्स्पेक्टर ड्रेकॉटच्या कानशिलात हाणली आणि ओरडली. थिएटरातल्या झाडून सगळ्यांनी हँडबॅगा वर धरून तिच्याबरोबर एका सुरात म्हटलं,

“सोड त्याला, माकडतोंड्या! त्याने अजून खाल्लं नाहीये!”

थेल्माने खांद्यावरची पर्स पाठीमागे लपवली.

दिवे लागले. व्यासपीठावर नायजेल, सिरिल आणि उंच, पांढऱ्या केसांचा लिओनार्ड वॉस्पर बसले होते. नायजेलने माइक घेतला. “मंडळी, ही बाई कोण, हे आजवर कुणाला कळलेलं नाही. नामावलीत तिचं नाव नाही. कुणी म्हणतं लिव्हरपूलची नटी, कुणी म्हणतं ऑस्ट्रेलियाला गेली. सिरिल, तुम्ही तर कोबीत होता. कोण होती हो ती?”

सिरिल काहीतरी टोलवणार होता, तेवढ्यात त्याला वाटेत उभी असलेली बायको दिसली. तो लालबुंद झाला. “मला सांगायची परवानगी नाही,” तो म्हणाला.

“कुणाची परवानगी?”

थेल्माला वाटलं, आल्या पावली निघून जावं. त्या दिवशीही ती पळालीच होती, सँडविच तिथेच टाकून. पण आता या सगळ्या बाप्यांनी आपापल्या कपाटातून, बायकांच्या, आयांच्या हँडबॅगा शोधून आणल्या होत्या, आणि ते सगळं तिच्यासाठी होतं.

“माझी,” ती म्हणाली. “ती मी. मी याची बायको.”

जो कल्लोळ उठला तो बाहेर रस्त्यापर्यंत ऐकू गेला असेल. नायजेल तर डोळेच पुसू लागला. लिओनार्ड वॉस्पर काठी टेकत व्यासपीठावरून उतरला आणि तिच्यापुढे येऊन झुकला.

“बाई, मी या मालिकेत शेकडो मारामाऱ्या केल्या,” तो म्हणाला. “खरा फटका एकच बसला. बॅगेत काय होतं तेवढं सांगा.”

थेल्माने आठवून पाहिलं. “आल्याच्या मुरंब्याची बरणी. माझ्या बहिणीसाठी घेतली होती.”

“मला वाटलंच, काहीतरी काचेचं असणार,” लिओनार्ड म्हणाला. “दोन दिवस या कानाने काही ऐकू येत नव्हतं.”

“माफ करा हो.”

“छे, छे. दिग्दर्शकाची बडबड असायची त्याच बाजूला.”

नंतरचा तासभर ती सह्या करत होती. लोक हँडबॅगा पुढे करत आणि ती आत अस्तरावर ‘थेल्मा हॉबडे’ असं जपून लिहीत होती. सिरिल बाजूला स्टुलावर बसून होता. त्याच्याकडे सही मागायला आलेला एक जण म्हणाला, “तुम्ही हँडबॅगवालीचे मिस्टर ना?” तेव्हा त्याने अभिमानाने मान हलवली.

शेवटी चौघं नदीकाठच्या बाकावर मासे आणि बटाट्याचे काप खायला बसली. लिओनार्ड आणि नायजेल समुद्रपक्ष्यांना हाकलत होते, तेवढ्यात थेल्मा हळूच म्हणाली, “इतकी वर्षं तोंडातून चकार शब्द काढला नाहीस तू.”

“त्या दिवशी मी तुझ्यामागे धावत येऊन बस गाठली, तेव्हा तूच म्हणालीस, हे कुणाला कळलं तर मी आईकडे निघून जाईन.”

“आणि तरी त्यांना तो तुकडा ठेवू दिलास?”

“दिग्दर्शकाने मला विचारलं, कापू का?” सिरिल कागदातल्या बटाट्यांकडे बघत म्हणाला. “मी म्हटलं, राहू दे. त्या वर्षभरात मी सगळ्यांचा मार खाल्ला होता, थेल. माझ्या बाजूने मधे पडलेलं माणूस तेवढं एकच होतं. ते कापायला कसं सांगू? त्या सोमवारी तू आत भांडी घासत होतीस आणि मी इकडे तुला बघत होतो.”

थेल्माने आपल्या वाटणीचा माशाचा मोठा तुकडा त्याच्या कागदात ठेवला.

“बाकीचे भाग आहेत का हो तुमच्याकडे?” मग तिने नायजेलला विचारलं.

“सगळे आहेत, बाई. उद्याच आणून देतो.”

“आणा. एकूण किती वेळा मेलाय ते तरी बघते. आणि सिरिल, त्या छपरावर पुन्हा उठून कशाला फिरलास रे? गोळी लागलेला माणूस असा मरतो होय?”

“त्याला अभिनय म्हणतात,” सिरिल म्हणाला.

“त्याला चहाटळपणा म्हणतात,” लिओनार्ड म्हणाला. “तू मरेपर्यंत मी पिस्तूल धरून उभा. हात दुखायचा माझा.”

सिरिलने उठून, थेल्माचा हात सोडून, छातीवर हात ठेवला आणि खुबा सांभाळत तिथेच नदीकाठी एकदा गोल फिरून दाखवलं. फिरायला निघालेलं एक जोडपं थबकून बघू लागलं. थेल्मा पोट धरधरून हसत होती.