आडो रवणारो

फॉस्टिनने दोन वर्षं पगार घेऊन फुटबॉल खेळला आणि एकदाही बॉलला हात लावला नाही. पायसुद्धा नाही. आता बोला!

तो अमेरिकन फुटबॉल, बॉल हातात घेऊन पळायचा. आपल्याकडे नवी लीग निघाली तेव्हा ते लोक धिप्पाड पोरं हुडकत होते. मालवणच्या धक्क्यावर माशांच्या टोपल्या उचलणारा फॉस्टिन त्यांना सापडला. काम एकच. हेल्मेट घालून समोरच्याला अंगावर घ्यायचं, म्हणजे मागचा बॉलवाला सुटतो.

त्याची आई रोझा विचारायची, "अरे, पण तू करतस काय?"

"आडो रवतंय."

"टोपभर भात गिळून आडो रवतस? ह्यां तर आमचो रेडो पण करता!"

लीग बुडाली. धडका घेऊन मानेतली शीर दबली ती दबलीच. उजव्या हाताची बोटं बधिर झाली. हळूहळू अख्खा माणूसच तसा झाला. आई गेली तेव्हाही त्याला रडू आलं नाही. कसालच्या लाकडाच्या वखारीत जायचं, यायचं, जेवायचं, झोपायचं.

पण त्याच्या लेकीने, दहा वर्षांच्या प्रिन्सीने, वर्गात सांगून टाकलं की माझे पप्पा फुटबॉलर होते. पोरं म्हणाली, थापा! गोष्ट सिद्धेशच्या कानावर गेली. चर्चच्या फेस्ताला, म्हणजे जत्रेला, फुटबॉलची स्पर्धा तोच भरवायचा. त्याने उद्घाटनाची किक फॉस्टिनलाच मारायला लावली. फुटबॉल म्हटला की पायच असं नसतं, हे याला कोण समजावणार? आणि नाही म्हणावं तर लेक खोटी पडते.

फॉस्टिनने पाय उचलला. बॉल जागच्या जागी, चप्पल गोलात! मैदान खो खो हसलं. त्याला काही वाटलं नाही. मग मान खाली घातलेली प्रिन्सी दिसली. ते मात्र लागलं.

तो वाकला. लीगमधल्या जुन्या सवयीने उजवी बोटं मातीत टेकली.

"प्रिन्सी, बॉल घे. माझ्या मागसून पळ." मग हसणाऱ्या खेळाडूंकडे वळला. "येवा रे, अडवा तिका!"

अकराच्या अकरा गडी धावून आले. फॉस्टिन छातीने, खांद्याने एकेकाला बाजूला सारत गेला. एकही प्रिन्सीपर्यंत पोचला नाही. तिने बॉल काखेत मारून थेट जाळ्यात नेला.

टाळ्या, शिट्ट्या, नुसता कल्लोळ! फॉस्टिन तिच्या शेजारी मख्ख उभा होता.

"पप्पा, हात सोड. दुखता माका," प्रिन्सी म्हणाली.

त्याने खाली बघितलं. तिचा हात त्याच्या उजव्या मुठीत होता. कधी धरला, त्याला ठाऊकच नव्हतं.