वायर हातात, समुद्र पडद्यावर

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. टेबलावर एक संगणक, एक जुना व्हिडिओ प्लेअर आणि त्यामागे डोळे मिटून उभा कार्डगुरू. त्याने बोट उचललं, एंटर दाबलं आणि कॅसेटमधला समुद्र संगणकाच्या पडद्यावर उसळू लागला. टाळ्यांचा नुसता कडकडाट!

"कार्ड चालवणारा ड्रायव्हर प्रोग्राम नको, सेटिंग नको! संगणक चालवणारी सिस्टिम कुठलंही लिनक्स असू द्या, माझं टीव्ही कार्ड बसवा, प्लेअरचं चित्र संगणकात हजर! फक्त सिस्टिम शुद्ध हवी. पोटात कचरा असेल तर कार्ड तोंड उघडणार नाही."

पहिल्या रांगेत विज्ञानाचे सर होते. हातातून राख काढणाऱ्या बाबांची युक्ती पोरांना वीस वर्षं करून दाखवणारे! प्लेअरचा दिवा बंद आहे, म्हणजे तो चालूच नाही, हे त्यांना दिसलं होतं. विचारावं असं तोंडावर आलंही. पण एरवी चारचौघांत लिनक्सचे गोडवे गाणाऱ्या आपल्यासारख्याने इतकं साधं विचारायचं? हसं झालं असतं. त्यांनी टाळ्या वाजवल्या, सगळ्यांत जोरात.

"सर वाजवतायत म्हणजे खरंच असणार," मागून कुणीतरी म्हणालं, आणि कार्ड घ्यायला रांग लागली.

सरांना कार्ड हवं होतं ताईसाठी. ताई शिवणकाम करायची. भाऊजींना जाऊन सहा वर्षं झाली होती आणि त्यांचा आवाज एका झिजलेल्या व्हिडिओ कॅसेटवर तेवढा उरला होता. "संगणकात उतरवून दे रे. दुसऱ्या कुणाच्या हातात देववत नाही," ती म्हणाली होती.

घरी कॅसेट फिरली, पण पडदा निळाच. गुरूला फोन केला.

"सर, सिस्टिम अशुद्ध. पुसून पुन्हा टाका."

सरांनी पुसली, पुन्हा टाकली. एकदा नाही, पाच वेळा. दर वेळी कॅसेट सुरुवातीपासून लावली, दर वेळी निळा पडदा. आपलंच काहीतरी चुकतंय, अशी त्यांची खात्री. कार्ड घेतलेल्या बाकीच्यांचीही तीच, म्हणून सगळे मूग गिळून गप्प.

गुरूची पुढची सभा भरली तेव्हा ताई सरांबरोबर गेली आणि थेट टेबलामागे शिरली.

"अहो बाई, मागे नका जाऊ!"

"दोरा कुठून कुठे गेलाय ते बघायची सवय आहे मला," म्हणत तिने प्लेअरची वायर ओढली. वायर तिच्या हातात आली. समुद्र मात्र उसळतच राहिला.

"आता हा कुठून येतोय हो?"

"ती... कार्डात साठलेली शक्ती..."

सभागृह खदखदून हसलं. सरांनी पुढे होऊन माऊस हातात घेतला. समुद्राची फाइल आधीच संगणकात भरलेली होती आणि पडदाभर तीच चालू होती. कार्डावरचं चकचकीत स्टिकर खरवडल्यावर खाली चिपचा नंबर निघाला. त्या चिपसाठी लिनक्समध्ये ड्रायव्हरच नव्हता.

"म्हणजे तुमचंही चालत नव्हतं?" लोक एकमेकांना विचारू लागले.

सर लोकांकडे वळले. "पहिल्याच दिवशी मला प्लेअरचा दिवा बंद दिसला होता. मी गप्प बसलो. तुम्ही माझ्या टाळ्यांवर फसलात. लाज वाटते मला. यापुढे कार्ड घेताना चिपचा नंबर विचारा, ती लिनक्सवर चालणाऱ्या चिपच्या यादीत आहे का ते बघा, आणि मी सांगितलं तरी वायर ओढून बघा."

मग त्यांनी चिप तपासून एक जुनं कार्ड आणलं. ताई शेजारी बसली. चित्र आलं, भाऊजी हसताना दिसले, बोलले. पण अगदी सुरुवातीला ते ताईला हाक मारायचे, तिथे नुसते पट्टे आणि खरखर.

"ताई, तेवढाच भाग मी पुन्हा पुन्हा फिरवला. झिजला तो."

ताईने प्लेअरमधून कॅसेट काढून घेतली.

"दिवा बंद दिसला होता ना तुला?" ती म्हणाली. "तेव्हाच विचारायचं होतंस रे. लोक हसले असते, एवढंच ना?"