सवलत बंद करा

मे महिन्यात आमच्या कचेरीत माणसं भांडायलाच येतात. घरांच्या नव्या किमतींची पत्रं गेलेली असतात, कर वाढणार हे कळलेलं असतं, आणि बोलणी खायला काउंटरवर मी असते. त्या मंगळवारीही रांग पार दारापर्यंत गेली होती. त्यामुळे हर्मिनियामावशी पुढे येऊन म्हणाल्या, "पोरी, माझी सवलत बंद कर," तेव्हा आपण नीट ऐकलं का, अशीच मला शंका आली.

टेक्ससच्या या कोपऱ्यात एकवीस वर्षं मी हे काम करतेय. असं मागणं कुणी केलं नव्हतं. त्यातून मावशींची सवलत साधीसुधी नव्हे. त्यांचा नवरा बेनितो व्हिएतनामच्या लढाईत दोन्ही पाय गमावून आलेला. अशा सैनिकाच्या घराला कर शून्य. तो गेल्यावर बायकोलाही शून्यच, फक्त तिने दुसरं लग्न करायचं नाही.

"मावशी, वर्षाला चार हजार डॉलर भरावे लागतील!"

"म्हातारपणाची सवलत धरून?"

"ती धरून तीन."

"मग तीन म्हण ना. उगाच घाबरवतेस कशाला?"

मी फॉर्म काढला. "कारण?"

"लग्न."

मागच्या बाकावर रेमिहिओकाका बसले होते. मावशींना ट्रकमधून तेच घेऊन आले होते. "कराचं काम आहे" एवढंच त्यांना सांगितलेलं. दोन वर्षांत काकांनी चारदा मागणी घातली आणि चारही वेळा मावशींनी विषय बदलला, हे गावात सगळ्यांना ठाऊक.

"कुणाशी?" काकांनी विचारलं. आवाज इतका पडलेला की मलाच कसंतरी झालं.

"त्या खांबाशी!" मावशी मागे न बघताच कडाडल्या. "चारदा कोणी विचारलं होतं मला?"

रांगेत एकच हशा उठला. कोणीतरी शिट्टी मारली. काका धडपडत उठले, टोपी खाली पडली, ती उचलायचं भान नाही. काउंटरपाशी येईपर्यंत चेहरा नुसता फुललेला. मग त्यांनी फॉर्म वाचला आणि चेहरा उतरला.

"म्हणजे यासाठी तू उत्तर देत नव्हतीस? हर्मिनिया, मी मागणी मागे घेतो. माझ्यापायी तुझं घर जायला नको."

"मागे घेऊन तर बघ!"

जुळता जुळता मोडतंय की काय! जे बोलू नये ते मी बोलले. पुढे वाकून हळूच म्हटलं, "मावशी, कितीतरी जण नुसता फादरचा आशीर्वाद घेतात. लग्नाचा सरकारी परवाना काढतच नाहीत. सवलतही राहते, माणूसही राहतो."

"ही सवलत बेनितोच्या पायांच्या बदल्यात मिळालीय, पोरी. ती राखायला खोटं बोलू? दोन वर्षं तोच विचार करत होते. मला खोटं जमायचं नाही. आणि या माणसावाचूनही आता जमायचं नाही."

काकांनी डोळे पुसले. मीही पुसले, लाज कसली!

"लग्नाची तारीख?" मी विचारलं.

"ते याला विचार."

"आज!" काका म्हणाले. "कोर्ट समोरच आहे."

"परवाना काढल्यावर तीन दिवस थांबावं लागतं, काका," रांगेतून एकजण ओरडला. मघाशी हाच माझ्याशी हमरीतुमरीवर आला होता.

"थांबेल तो," मावशी म्हणाल्या. "सवय आहे त्याला."

नियमाने असा अर्ज लग्नानंतर घ्यायचा. मी शुक्रवारची तारीख घातली आणि फॉर्म सहीसाठी पुढे सरकवला. मावशींनी बेनितोचं आडनाव सावकाश, एकेक अक्षर लावून लिहिलं, आणि तेवढा वेळ रेमिहिओकाकांनी तो कागद हलू नये म्हणून दोन्ही हातांनी दाबून धरला होता.