दोन इंच जास्त

आई गेल्यावर तिचा टॅबलेट मावशीला द्यायचं ठरलं. मी त्यातलं सगळं पुसलं आणि तो आईचा पासवर्ड मागू लागला. मी दुरुस्तीवाल्याला घरी बोलावलं.

"ताई, आधी खातं काढायचं, मग पुसायचं. तुम्ही उलटं केलंत," दुरुस्तीवाला म्हणाला. "आता अंदाजपंचे काही टाकू नका. खातं बंद पडलं, तर त्यात साठवलेलंही हाती लागायचं नाही."

आई शिवणकाम करायची. डोळे अधू झाल्यावर गिऱ्हाइकांची मापं ती टॅबलेटमध्ये बोलून ठेवायची. तिचा आवाज तेवढाच उरला होता, आणि तो त्या खात्यात होता.

"पासवर्ड काय, तुझं नाव आणि तुझ्या छातीचं माप," ती एकदा हसत म्हणाली होती. मी टेप लावून माप घेतलं. चुकलं. तिच्या वहीतलं जुनं माप टाकलं, तेही चुकलं.

"आता एकदाच," दुरुस्तीवाला म्हणाला.

वही पुन्हा उघडली. तिथे माझ्या अंगाचं माप होतं. पण आई अंगाच्या मापाने कधीच कापत नसे. दोन इंच वाढवायची. "पोरीला मोकळा श्वास घेता आला पाहिजे," म्हणायची.

मी दोन मिळवले. आकडा दोनदा तपासला, मग दाबलं.

बराच वेळ पडद्यावर गोल फिरत राहिला. मग खातं उघडलं. पहिल्याच रेकॉर्डिंगमध्ये आई कुणालातरी दटावत होती, "हलू नकोस गं, नीट उभी राहा."

मी उभीच होते.