पूर्ण झाल्याची नोंद

रागिणीचं काम नेमकं काय, हे कुणाला समजावून सांगायचं म्हणजे पंचाईत. अमरावतीच्या ज्या ऑफिसात ती बसायची, तिथे ठेकेदारांच्या आणि गोदामवाल्यांच्या कामांची आखणी करणारं सॉफ्टवेअर बनायचं. वर्षभरापासून त्यात एक एआय एजंट बसवला होता. माणसांचे मेसेज वाचायचे आणि हाताशी दिलेल्या टूलांपैकी योग्य ते चालवायचं, एवढंच त्याचं काम. कोणतं टूल कधी चालवायचं, हे त्याला कळायचं प्रत्येक टूलखाली लिहिलेल्या वर्णनावरून, आणि ती वर्णनं रागिणी लिहायची. अकोल्यात तिचे वडील सहदेव अभिमानाने सांगायचे, "पोरगी कॉम्प्युटरले शिकवते." ते काही अगदीच खोटं नव्हतं.

'पूर्ण झाल्याची नोंद' या टूलखाली तिने आधी सात ओळी लिहिल्या होत्या. तिचा साहेब ओमप्रकाश याला लांबण खपत नसे. "एवढं पुराण काहून लावलं?" तो म्हणाला. "एका ओळीत आटप." तिने आटपलं: काम झाल्याचा मेसेज आला की पूर्ण अशी नोंद करते. ओमप्रकाशने मान डोलावली आणि रागिणीही खूश झाली. शाबासकी कुणाला नको असते?

त्या मंगळवारी अकराच्या पुढे तिने स्क्रीनवर सहज वडिलांच्या गोदामाच्या कामांचा फलक उघडला. बाळापूर रोडवरच्या त्या गोदामात ते मुकादम होते आणि तिथे कालपासूनच एजंट सुरू झाला होता. फलकावर दोन ओळी होत्या. चार नंबर, झाडलोट आणि पोतेमोजणी, पूर्ण. चार नंबर, गोळ्या टाकून सील करणे, कुंदनच्या टोळीला कळवलं.

तुरीला कीड लागू नये म्हणून पोत्यांच्या थप्प्यांखाली विषारी गॅसच्या गोळ्या ठेवतात. मग शटर सील होतं ते आठवडाभर उघडत नाही. आत माणूस राहिला, तर तो राहिलाच.

वडिलांचा मेसेज तिथेच दिसत होता. 'चार नंबर झाडून, पोते मोजून झाले. दोघंजन.' पण हा मेसेज त्यांनी जोडीदार डोमाजीला घेऊन आत शिरण्याआधी पाठवला होता, हे तिला पक्कं ठाऊक होतं. गोदामात रेंज नाही. म्हणून बारा वर्षं ते शटरपाशी उभं राहून आधी 'झालं' म्हणून कळवायचे आणि मग आत जायचे. आधी हे मेसेज गोदामाच्या ऑफिसातल्या कौशल्याबाईंकडे जायचे. सहदेवभाऊंचा मेसेज आला म्हणजे ते आता आत गेले, हे त्या समजून असत. तास-दीड तास थांबत, चौकीदाराला विचारत आणि मगच गॅसवाल्यांना सांगत. त्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं. एजंटलाही कुणी शिकवलं नव्हतं. घरी जेवताना या उलट्या कारभारावर रागिणी कितीदा तरी हसली होती.

तिने वडिलांना फोन लावला. संपर्काबाहेर. कुंदनचा नुसता वाजत राहिला. गॅसवाले फोन जीपमध्ये ठेवून जातात, हे तिला मागाहून आठवलं. मग तिने एजंटलाच सांगितलं, चार नंबरचं काम पुन्हा उघड. क्षणात उत्तर आलं, उघडलं. तिला जरा हायसं वाटलं, ते एका श्वासापुरतंच. थांबा म्हणून कुंदनच्या टोळीला काहीच कळवलेलं नव्हतं. 'पुन्हा उघडणे' याचं वर्णनही तिचंच होतं: पूर्ण झालेलं काम पुन्हा उघडते. पुढचं काम थांबवायचं, माणसांना सांगायचं, असं तिने कुठे लिहिलं होतं?

चौकीदार पुंजाजीचा नंबर वडिलांनी अडीअडचणीला म्हणून दिला होता. तिसऱ्यांदा लावल्यावर त्याने उचलला. शेजारच्या दालमिलच्या खडखडाटात त्याला धड ऐकू येईना.

"पुंजाजी काका, चार नंबर थांबवा. बाबा आत आहेत."

"सहदेवभाऊ? ते गेले असतीन चहाले. कुंदनचे पोरं मागचं शटर लावून राहिले."

"काका, बाबा आतच आहेत. पळा."

त्याने फोन तसाच टेबलावर टाकला. रागिणीच्या कानात नुसती दालमिल वाजत होती. तिला वाटलं, आपणच हाताने शटर ओढलं. ओमप्रकाश मागे येऊन उभा राहिला होता. तिला त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा, कारण त्या सात ओळींतही वडिलांची ही सवय नव्हती. सहा मिनिटं झाली. नऊ झाली.

"रागिणी? काय झालं वं?"

आवाज वडिलांचा होता.

"आमी पार मागच्या थप्पीपाशी होतो," ते सांगू लागले. "लाइट गेले. मले वाटलं, लाइन गेली. डोमाजी म्हणे, बसू इथंच, येईन लाइन. तं बसलो. कुंदननं मेन स्विच बंद केला, हे काय मालूम? गोळ्यांचा डबा फोडतच होता तो. पुंजाजीनं हात धरला त्याचा."

अंधारात निवांत बसलेली ती दोन म्हातारी माणसं तिच्या डोळ्यांपुढून हलेनात. त्यांनी शटरही वाजवलं नसतं.

"बाबा, तुमी मेसेज आंधीच काहून पाठवला?"

"नेहमीच तं पाठवतो. कौशल्याबाईले माहीत होतं." "अन् तुले तं माहीतच होतं ना?"

ते रागाने बोलले नव्हते, साधंच विचारलं होतं.

फोन ठेवून ती पुन्हा लिहायला बसली. माणसं बाहेर आल्याचं कुणी पाहिलं ते विचार. चौकीदाराचं उत्तर येईपर्यंत नोंद करू नकोस. या नोंदीने पुढची टोळी कामाला लागते. अकरा ओळी झाल्या. ओमप्रकाशने त्या वाचल्या आणि तो जागेवर गेला. खाली अजून बेचाळीस टूलं होती. प्रत्येकाखाली तिचीच एकेक नेटकी ओळ होती, आणि त्या क्षणी ती टूलं एकोणीस गोदामांत चालू होती.