उणे अकरा

मित्रांनो, मी एक जुना थर्मामीटर आहे. पाठ लाकडाची, पोटात काचेची नळी आणि नळीत लाल रेघ. फिनलंडमधल्या एका खेड्यातल्या शाळेच्या दारावर मी सोळा हिवाळे काढले. माझी गोष्ट सांगायची मला लाज वाटते, तरी सांगतो.

कारखान्यात मला बर्फाच्या पाण्यात बुडवून शून्याची खूण केली, तेव्हापासून खरं सांगणं एवढंच माझं काम. इथली पहिलीची मुलं दर मंगळवारी आणि गुरुवारी जंगलात शिकायला जात. पाइनच्या बोंडांनी बेरीज करत, सशाच्या पावलांवरून लांबी मोजायला शिकत. निघण्याआधी एक मूल टाचा उंचावून मला वाचायचं आणि ओरडायचं, "उणे सात! चला!" मी उणे पंधराच्या खाली उतरलो की जंगल बंद. माझ्या शब्दावर आख्खा वर्ग उठायचा आणि बसायचा. खरं सांगू? मला त्याचा गर्व झाला होता.

गेल्या जानेवारीत त्यांची शिक्षिका हिल्का दारापुढचा बर्फ उपसत होती. फावड्याचा दांडा माझ्यावर आदळला. "अगं बाई!" म्हणत तिने काच चाचपली. काच शाबूत होती. आतली लाल रेघ मात्र तुटून तिचा तुकडा दहा अंश वर अडकला होता. माझ्यावर वर्षानुवर्षांचा मळ. तिला काही दिसलं नाही.

दुसऱ्याच दिवशी गुरुवार. बाहेर उणे एकवीस होतं. वाचायची पाळी सात वर्षांच्या केर्तूची होती.

"हिल्का, मध्येच रेघ नाहीये."

"रेघ कुठे जाईल? वरचं टोक वाच."

"उणे अकरा. पण मध्ये रिकामं आहे."

"तुझं ना, निघताना नेहमी काहीतरी असतंच! टोपी घाल, सगळे खोळंबलेत."

मुलं हसली. केर्तूने टोपी घातली. मला तर वाचाच नव्हती. सगळे माझ्यावर विसंबून निघून गेले.

पुढचं मी दारातल्या बोलण्यातून ऐकलं. ऊन होतं, वारा नव्हता, थंडी कुणाला तितकी जाणवली नाही. केर्तू सशाची पावलं बोटांनी मोजत होती. उणे अकराला थोडा वेळ हातमोजा काढलेला चालायचा. पण ती चिकाटीची पोर, पूर्ण माग मोजून होईपर्यंत उठली नाही. "हिल्का, माझी बोटं लाकडाची झाली," ती म्हणाली तेव्हा उजव्या हाताची तीन बोटं मेणबत्तीसारखी पांढरी पडली होती. हिल्काने तो हात स्वतःच्या कोटाच्या आत काखेत धरला आणि सगळ्यांना घेऊन ती परत फिरली.

संध्याकाळी केर्तूचे वडील याल्मारी दवाखान्यातून थेट शाळेत आले.

"थंडी कळायला तुला काच लागते का, हिल्का? तुझं नाक काय घरी ठेवून आली होतीस?"

हिल्काला तोवर माझी चूक कळली होती. तिने नुसतं माझ्याकडे बोट दाखवलं असतं तरी चाललं असतं. ती म्हणाली, "केर्तूने मला सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

मी त्यांच्यापासून दोन हातांवर भिंतीला लटकत होतो, तेव्हाही चुकीचाच आकडा दाखवत. सगळा दोष तिने एकटीने घेतला आणि मी निर्लज्जासारखा गप्प.

बोटं वाचली. पण डॉक्टर म्हणाले, दर हिवाळ्यात ती दुखतील. दोन आठवड्यांनी केर्तू वर्गात आली, तेव्हा हिल्का सगळ्यांसमोर म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही हिला हसलात, कारण आधी मी हिची थट्टा केली. केर्तू, माझं चुकलं."

"बरं," केर्तू म्हणाली. आणि मग, "वाचायची माझी पाळी परत कधी?"

मला उतरवलं तेव्हा पोरं ओरडली, "खोटारडा! फेका त्याला!"

"नको," केर्तू म्हणाली. "त्याला लागलं होतं, म्हणून चुकला तो."

'खोटारडा' मी ऐकून घेतलं होतं. हे मात्र सोसवेना.

मित्रांनो, दारावर नवा थर्मामीटर आलाय. त्याला पुसत जा, महिन्यातून एकदा दुसऱ्याशी ताडून बघा. आणि एखाद्या लहानग्याला काही वेगळं दिसलं, तर निघायची घाई थांबवून स्वतः वाकून बघा.

मी आता आत खिडकीवर असतो. जंगलात जायच्या दिवशी केर्तू उजव्या हातात एकावर एक दोन हातमोजे चढवते. मान वळवता येत नाही, म्हणून मी बघत राहतो.